दोन पाण्यांच्या मधे

आमच्याकडे दिवस पाण्यावर मोजतात.
नळ चौथ्या दिवशी येतो, कधी पाचव्या,
या खेपेला पाइपलाइन फुटली म्हणून सहाव्या.
अम्मा गल्लीभर सांगत सुटली :
"एका पाण्याला गेले, पुढच्याला हजर.
बापलेकीची एक बादली चुकली नाही."
तिकिटाचे पैसे तिनं कुणाला सांगितले नाहीत.

अर्जावर नाव : यादगिरी राजाराम बिंगी.
वय एकसष्ट. जन्मस्थळ सोलापूर.
व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिलं "निवृत्त".
नायनांनी विचारलं, "कशातून?"

गेंट. तीन रात्री, माझ्या ऑफिसच्या कामाला जोडून.
गाव मीच निवडलेलं : कालवे, दगडी पूल,
आणि शांतता इतकी
की सायकलची साखळी फिरलेली ऐकू यावी.
नायनांना ती ऐकू येत नव्हती.
चाळीस वर्षं मागांमध्ये उभा राहिलेला माणूस
साखर पेठेत बोलायचा तसाच बोलायचा
ट्राममध्ये, चर्चमध्ये, सूप पिताना :
"हे काय गं, मीठच नाय ह्याच्यात!"
माना वळायच्या.
"नायना, हळू."
पहिल्या दिवशी अकरा वेळा म्हणाले असेन.
दुसऱ्या दिवशी एकदाच.
कसं म्हणाले ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर ते फारसं बोललेच नाहीत.
हॉटेलातला टॉवेल उलटा करून
काठाची शिवण नखानं तपासली,
तळहातावर वजन तोललं.
आपल्याकडचा का, मला विचारायचं होतं.
त्यांनी तो होता तसा घडी घालून ठेवला
आणि स्वतःच्या पंच्यानं डोकं पुसलं.

तिसऱ्या दिवशी जुन्या यंत्रांचं म्युझियम.
दुपारी तीनला एक माग चालवून दाखवतात,
पाच मिनिटं.
निळ्या एप्रनमधल्या बाईंनी सगळ्यांना
कानात घालायला बोळे दिले.
नायनांनी त्यांचे खिशात ठेवले.
माग सुरू झाला,
आणि विमानतळापासून वर चढलेले त्यांचे खांदे
खाली आले.
ओठ हलले.
"काय?" मी ओरडले. "काय?"
मला कुणी हळू म्हटलं नाही.
त्यांनी बोट दाखवलं : डाव्या अंगाची एक तार.
तुटलीच ती.
बाईंनी माग थांबवला, हसल्या, घड्याळ पाहिलं.
दोरीच्या अलीकडे
नायनांचा अंगठा आणि तर्जनी
हवेला गाठ मारत होती.

आता घर. एप्रिल. पत्रा रात्रीही तापलेला.
संध्याकाळी मल्लेशममामा येऊन गेले,
चॉकलेट खिशात घालून, नातवासाठी म्हणत.
नायनांनी त्यांना सगळं सांगितलं, खच्चून :
तिथला माग आपल्यापेक्षा सावकाश चालतो.
लघवीला शंभर रुपये पडतात,
म्हणून दुपारचं पाणी पिणंच बंद.
मोठमोठी देवळं, आत बर्फासारखी गार,
आणि चपला घालूनच जायचं.
माझ्याविषयी काही नाही.
मी आतून ऐकत होते, भाकरी मोडत,
माझं नाव कुठे येतंय का.

रात्री अडीचला नळ आला.
अम्मानं सगळ्यांना उठवलं.
पिंप, हंडे, दोन घागरी, कुकरसुद्धा.
भरता भरता तिनं नायनांना तेलुगूत विचारलं,
"पोरीनं नीट सांभाळलं ना तुम्हाला?"
तेवढ्यात शेजारच्या कारखान्यात
सगळे साचे एकदम सुरू झाले.
नायनांचे ओठ हलले.
बराच वेळ हलले.
अम्मानं हंडा खाली ठेवला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि तीही काहीतरी म्हणाली त्यांना,
तसंच, आवाज न करता.
तीस वर्षं मागांच्या शेजारी विड्या वळता वळता
ती ही बोली शिकली.
मी सतराव्या वर्षीच पुण्याला गेले.

"काय म्हणाले?" मी ओरडून विचारलं.
"बादली सरकव," अम्मा म्हणाली, "सांडतंय."